मोठ्यानं गा, इंदाय

३ मार्च

आले एकदाची. तीनचाकी रिक्षात मी, माझी पत्र्याची ट्रंक, बाळंतपणाची बॅग, गादीची वळकटी आणि मांडीवर तांदळाचा डबा. रस्ता असा, की प्रत्येक खड्ड्याला डब्याचं झाकण टाळी वाजवत होतं. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला ओळीनं घरं आणि घरांपुढे बांबूच्या तट्ट्यांवर वाळत घातलेले मासे. रिक्षा थांबायच्या आत माणसं जमली. शेजारच्या नानाय तासिंगनं माझ्या हातून डबा घेतला, तिच्या नवऱ्यानं, ताताय आम्बोनं, ट्रंक खांद्यावर टाकली. सगळ्या आळीची ती आई आणि तो बाबा, म्हणून हाकही तशीच, नानाय आणि ताताय. गावात पुन्हा सुईण आली म्हणून सगळ्यांना आनंद झालेला दिसला. आधीची निवृत्त होऊन मुलाकडे गेली, तेव्हापासून आरोग्यकेंद्राला कुलूपच होतं म्हणे.

सामान सगळ्यांनी उंबऱ्याशी ठेवलं. आत कोणी आलं नाही. परक्या बाईच्या घरात न विचारता कशाला शिरायचं, अशी इथली रीत असेल. मला आवडली.

घर ग्लेंडाचं. ती हाँगकाँगला घरकाम करते. गेल्या नोव्हेंबरात इथल्या स्वयंपाकघराला आग लागली आणि तिची म्हातारी मावशी, गावाची आजी म्हणून लोला पासिंग, त्यात गेली. भिंती सिमेंटच्या म्हणून घर उभं राहिलं. धुराचे डाग आणि काजळी मी काढून घेतली, तर पावसाळ्यापर्यंत भाडं नको, असं ग्लेंडा फोनवर म्हणाली. लोलाला चोरांचं भारी भय होतं. सगळ्या खिडक्यांना जाड गज, पुढच्या दाराला आतून कडी आणि कडीला कुलूप. स्वयंपाकघराचं बाजूचं दार जळालं, तिथे आता बाहेरून जाड फळ्या ठोकल्या आहेत.

इतकी वर्षं इस्पितळाच्या वसतिगृहात चौघींत एक आरसा आणि एक स्टोव्ह. आता काळं का असेना, हे स्वयंपाकघर माझं एकटीचं आहे. रात्री नानाय तासिंगनं कुंपणावरून वाडगाभर पान्सितच्या शेवया दिल्या. वाडगा परत देताना रिकामा देऊ नकोस, इंदाय, असंही बजावलं; इंदाय म्हणजे पोरी. म्हणजे जाणं-येणं सुरू झालं.

५ मार्च

काजळी ही काय चीज असते ते आज कळलं. बादली आणि फडकं घेतलं की झालं, असं मला वाटलं होतं. पाणी लावलं मात्र, शाईसारखे ओघळ सुटले आणि होती ती राखाडी भिंत काळीकुट्ट झाली. काजळी तेलकट असते. ती पाण्याला जुमानत नाही, उलट पाण्याबरोबर भिंतीत मुरते. एक अख्खी भिंत नासवल्यावर शहाणपण आलं. आता आधी सगळं कोरडं करते. मऊ कुंचल्यानं वरून खाली झाडायचं, दाबायचं नाही. मग मैद्याचा घट्ट गोळा भिंतीवर टेकवून अलगद उचलायचा. गोळा काळा झाला की मळून आतली पांढरी बाजू वर आणायची. सगळ्यात शेवटी सोड्याचं कोमट पाणी.

आग फक्त स्वयंपाकघरात होती, पण धूर घरभर हिंडला. बंद कपाटातल्या बशांच्या मधोमध काजळी आहे. साखरेच्या बरणीत आहे. छतातून तिचे धागे लोंबतात, अगदी कोळिष्टकांसारखे, पण कोळी एकही नाही. नाक शिंकरलं की रुमाल काळा.

नानाय तासिंग कुंपणापाशी उभी राहून बघत होती. हसली आणि म्हणाली, की नवरी पावडर लावते तशी तू काजळी लावून घेतलीस, आता नवरा तेवढा राहिला. लोला पासिंगबद्दल मी विचारलं तेव्हा म्हणाली, बिचारी झोपेतच गेली, तिला काही कळलंसुद्धा नाही. मासळीवालीही तेच म्हणाली. संध्याकाळी रिक्षावालाही. झोपेतच गेली, तिला काही कळलंसुद्धा नाही. शब्दसुद्धा तेच.

९ मार्च

आज मी गायले. आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसणार नाही.

माझ्या स्वयंपाकघराची मागची भिंत हीच तासिंगच्या अंगणाची भिंत. तिथे पत्र्याखाली त्यांचं कॅराओके यंत्र असतं. जेवणं आटोपून गाव पेंगायला लागतं त्या वेळी ते रोज सुरू होतं आणि उन्हं उतरेपर्यंत चालतं. आज रविवार, मला हाताला धरूनच नेलं. समुद्राच्या बाजूनं अंगणात शिरायचं. बाकांवर सगळी आळी बसलेली, बर्फ घातलेलं सरबत, तांदळाच्या वाफाळत्या गोड बिबिंका. मी गायले आणि यंत्रानं मला शंभरातले सत्याण्णव गुण दिले. ताताय आम्बो म्हणाला, की यंत्र बिघडलंय, नाहीतर त्याला ही आवडलीय. माझा चेहरा तापला. पण किती वर्षांनी एवढी माणसं माझ्याकडे बघून हसत होती.

एक गोष्ट जरा नवलाची वाटली. तासिंगला परवा ताप होता. बसवत नव्हतं, तरी अंगावर चादर घेऊन गात होती. मी म्हटलं, पडा की जरा. ती म्हणाली, एवढी वेळ टळली की पडते.

१३ मार्च

दुपारी लाइट गेली. आरोग्यकेंद्रातून लवकर आले होते, छतातले धागे कुंचल्यावर गुंडाळत होते. वाटलं, चला, आज शांतता.

यंत्र बंद पडलं आणि पलीकडे टाळ्या सुरू झाल्या. नुसत्या टाळ्या, मग पातेल्यांवर डाव. मग सगळे उघड्या गळ्यानं गायला लागले, वेगवेगळी गाणी, वेगवेगळ्या पट्ट्या. मला हसू आलं. गंमत बघावी म्हणून स्टुलावर चढून झरोक्यातून पाहिलं.

कोणी हसत नव्हतं. तासिंगचे डोळे मिटलेले होते. आम्बो पातेल्यावर डाव आपटत होता आणि त्याच्या गालांवरून घाम ओघळत होता. मुलं आयांना बिलगून, तोंडं मोठी उघडून ओरडत होती. सगळ्यांचे चेहरे माझ्या भिंतीकडे होते.

आणि त्या गोंगाटाच्या खाली मला ऐकू आलं. भिंतीवर कोणीतरी ठोकत होतं. त्यांच्या बाजूनं नाही. मी उभी होते त्या बाजूनं, माझ्या पायांजवळ.

१५ मार्च

ओट्याशेजारची, तासिंगच्या अंगणाकडची भिंत आज साफ केली. इतके दिवस टाळत होते. काजळी तिथे सगळ्यात दाट.

मैद्याचा गोळा लावत गेले तसे भिंतीत खड्डे दिसू लागले. गिलावा टवकेपर्यंत कशानं तरी ठोकलेलं. छातीच्या उंचीवर पुष्कळ, एकाला एक लागून. कमरेच्या उंचीवर थोडे. गुडघ्याजवळ अगदी विरळ. आणि जमिनीला लागून एक, उथळ. ओट्याखाली लसूण ठेचायचा लाकडी बत्ता सापडला, एका बाजूनं जळालेला. जळालं नव्हतं ते टोक गिलाव्यानं पांढरं झालं होतं.

मी बाळंतिणींच्या कळांचे तक्ते वाचते. ही भिंत वाचायला मला वेळ लागला नाही. लोला पासिंग झोपेत गेली नव्हती.

बत्ता घेऊन तासिंगकडे गेले. तिनं बघितलं आणि बाकावर बसली. मग सगळं सांगितलं. लोला पासिंग भांडकुदळ होती. कॅराओके लावला की रोज बत्त्यानं भिंत ठोकायची, आवाज कमी करा म्हणून. तो खेळच झाला होता; ती ठोकायची आणि ही मंडळी आवाज वाढवायची. नोव्हेंबरात आम्बोचा वाढदिवस होता. ती ठोकायला लागली. सगळे हसले. आम्बोनं माइक भिंतीकडे करून तिचं नाव घेऊन गाणं म्हटलं. ती जास्त ठोकायला लागली, यांनी जास्त वाढवलं. मग ठोकणं कमी झालं, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हातारी हरली म्हणून. धूर पत्र्यावर दिसला तो त्याच्यानंतर. आतून कुलूप होतं, किल्ली तिच्या गळ्यात. दार फोडेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत ठोकलं तिनं," तासिंग म्हणाली. "तेव्हापासून रोज. आम्ही गातो म्हणून ऐकू येत नाही. तू आम्हाला काय म्हणायचं ते म्हण, इंदाय. पण मुलांना ऐकू देऊ नकोस."

माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. साठीची बाई. मी तिचे केस कुरवाळले. मी कोण यांना बोल लावणारी? संध्याकाळी तिनं भिंत बुजवायला लांबीचा डबा पाठवला आणि मी खड्डे एकेक करून बुजवले. हात सफाईनं चालला. त्याचीच लाज वाटते आहे.

१८ मार्च

आरोग्यकेंद्रात आज कोणी नव्हतं म्हणून दुपारी घरी राहिले. शिकलेली बाई आहे मी, असलं काही मनाला लावून घ्यायचं नाही, असं ठरवलं होतं.

पलीकडे गाणं सुरू झालं. पहिला ठोका भिंतीवर छातीच्या उंचीवर पडला आणि लांबीचा तुकडा उडून ओट्यावर आला. मग दुसरा. मी बघत होते. भिंतीपुढे कोणीही नव्हतं. ठोके खाली सरकत होते आणि ठोका पडे तिथे पांढऱ्या भिंतीतून काजळी वर येत होती, ओल यावी तशी. बाकीच्या तिन्ही भिंती स्वच्छ, ही एकच परत काळी.

कमरेच्या खाली ठोके आले तशी मी पळाले. घर उघडं टाकून तासिंगच्या अंगणात गेले. तिनं माझा चेहरा पाहिला आणि माइक हातात दिला. मी गायले. गाताना खरंच ऐकू येत नाही.

२१ मार्च

हे लिहायलाच हवं.

आज लवकर गेले होते अंगणात. हल्ली मी सगळ्यांच्या आधी जाते. दुसरं गाणं माझं होतं. मध्येच थापा ऐकू आल्या. नेहमीसारख्या भिंतीवर नाही, लांबून, माझ्या पुढच्या दारावर. हातानं मारलेल्या, घाईच्या. सगळ्यांना ऐकू आल्या. बाकांवरची माणसं ताठ झाली. मी माइक खाली घेतला. आता ती दारापर्यंत आली, असंच वाटलं मला. मनात दुसरं काही आलं नाही. येऊ दिलं नाही.

तासिंगनं आवाजाची कळ फिरवली.

"मोठ्यानं गा, इंदाय," ती म्हणाली.

मी डोळे मिटून मोठ्यानं गायले. थापा बऱ्याच वेळ चालल्या. मग थांबल्या. यंत्रानं गुण दाखवले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी आले तर उंबऱ्यावर रक्त होतं आणि बाईमाणसाची एक चप्पल.

२२ मार्च

मारीवेल. वळणावरच्या रेनान्तेची बायको, पहिलटकरीण, नववा महिना. गेल्याच आठवड्यात मी तिचं पोट तपासलं होतं, म्हटलं होतं, काही लागलं तर वेळ बघू नका, सरळ दार वाजवा. पाणी गेलं आणि बाळाच्या आधी नाळ बाहेर आली. रेनान्तेनं तिला रिक्षात घालून माझ्या दाराशी आणलं. दार ठोठावून हात दुखले तेव्हा तिला तशीच घेऊन तालुक्याच्या गावी गेला. बाळ वाटेतच गेलं. मुलगा होता.

अशा वेळी काय करायचं ते मला माहीत आहे. हात आत घालून बाळाचं डोकं वर उचलून धरायचं, नाळ चेपू द्यायची नाही, इस्पितळ येईपर्यंत हात काढायचा नाही. हे मी केलेलं आहे. एकदा अख्खा तास, चालत्या गाडीत. ते पोर आता शाळेत जातं.

रेनान्ते तासिंगकडे विचारायला आला होता. मी दाराआड होते. तासिंग म्हणाली, की सुईण औषधं आणायला शहरात गेली होती, संध्याकाळी परत आली. आम्बोनं मान हलवली. बाकावरच्या सगळ्यांनी मान हलवली.

मी बाहेर आले नाही.

२४ मार्च

दफनाला गेले. न जाणं वाईट दिसलं असतं. असा विचार करून गेले.

पेटी बुटांच्या खोक्याएवढी. मारीवेल अजून इस्पितळात आहे, ती आली नव्हती. माती टाकताना माझे हात सगळ्यांना दिसले असणार. काजळी नखांतून आता मनगटांपर्यंत आली आहे. सोडा, व्हिनेगर, लिंबू, दगड, सगळं लावून पाहिलं. कातडी सोलवटते, पण काळं जात नाही.

संध्याकाळी रेनान्ते घरी आला. दारावर टकटक केली तेव्हा मी ओट्याला धरून उभी राहिले. त्यानं हाक मारली म्हणून उघडलं. केळ्यांचा घड घेऊन आला होता. दफनाला आलात म्हणून, म्हणाला. मग मान खाली घालून माफी मागायला लागला. मी घरी नसताना त्यानं दारावर इतकं बडवलं की एक फळी तडकली आहे. ती तो रविवारी येऊन बसवून देणार आहे.

"तुम्ही असता तर बरं झालं असतं, मानांग," तो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला. "पण तुमचा काय दोष? आमचं नशीब."

मी म्हटलं, बस, कॉफी करते. एवढंच म्हटलं. तो कॉफी पिऊन गेला. कप धुतला, त्याला माझ्या हाताची काजळी लागली होती.

२७ मार्च

रेनान्तेला सांगायचं म्हणून निघाले. चर्चच्या वळणावर तासिंग आडवी आली. मी कुठे चालले ते तिला कसं कळलं कोण जाणे. चेहऱ्यावर लिहिलेलं असेल.

तिनं दटावलं नाही. दंड धरून सावलीत नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, की तू बोललीस तर आम्हालाही बोलावं लागेल. ग्लेंडाला कळेल. मुलांना कळेल. आम्बोची छाती कमजोर आहे. आणि त्या पोराला काय मिळणार? आत्ता त्याला वाटतंय, देवाची मर्जी. ते तरी राहू दे.

"आता तू आमच्यातली आहेस," ती म्हणाली.

इथे आले तेव्हा हेच तर हवं होतं मला. मी परतले. वाटेत तिनं मासे घेऊन दिले.

२९ मार्च

आरोग्यकेंद्राचं दार वाजलं की माझ्या तोंडून गाणं निघतं. आधी गुणगुणणं होतं. आज एक बाई तापलेलं पोर घेऊन दारात उभी होती, ठोठावत होती, आणि मी आत खुर्चीवर बसून गात होते. गाणं संपल्यावर उघडलं. मग तिनं पोर छातीशी घट्ट धरलं आणि आत न येताच गेली.

ठोके आता वेळ पाळत नाहीत. सकाळी कपाटात. न्हाणीघराच्या दारावर. बादलीत. ट्रंकेच्या आतून—

भिंत रोज साफ करते. रोज काळी. आता मैद्याचा गोळा लावला की भिंत ऊन लागते.

३० मार्च, सकाळी

कालपासून जेवले नाही. पण डोकं स्वच्छ आहे.

एक गोष्ट कोणीच केली नाही. ती ठोकते, आम्ही गातो. तिला कोणी उत्तर दिलं नाही. नोव्हेंबरापासून एकदाही नाही. तिला काय हवं आहे, हे विचारायलाही कोणी थांबलं नाही. बाळंतीण ओरडते तेव्हा तिच्या दुखण्याचं काही करता आलं नाही, तरी हात धरून "आहे मी इथे" म्हणायचं असतं. तेवढं तरी मला येतं.

आज रेनान्ते फळी बसवायला येणार, म्हणून उद्या दुपारी घरातच बसणार. ठोके पडले की भिंतीवर उलट ठोकून सांगणार, आहे मी, ऐकलं मी. आणि मग रेनान्तेकडे जाणार. आधी हे, मग ते. उलट क्रमानं मला जमणार नाही.

तासिंग ओढायला येईल, म्हणून पुढच्या दाराला आतून कुलूप लावणार. आणि किल्ली खिडकीच्या गजांतून माझ्या पुढच्या अंगणात फेकणार. मी मला ओळखते. किल्ली हाताशी असली तर मी पळून जाईन आणि गाईन. संध्याकाळी कोणाला तरी हाक मारून उघडून घेईन.

३१ मार्च, दुपार

सकाळपासून लाइट नाही. फोन मेला आहे. किल्ली फेकली, पेरूच्या झाडाखाली दिसते आहे इथून.

तासिंग येऊन गेली. कडी वाजवली, हाक मारली. मी ओ दिली नाही.

पातेली सुरू झाली. सगळे गाताहेत. मला सगळ्यांचे आवाज ओळखू येतात आता.

आला. पहिला ठोका. छातीपाशी.

थोड्या वेळानं

मी उत्तर दिलं. मुठीनं ठोकलं. आहे मी इथे, लोला, असं म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. ठोके थांबले. मी भिंतीला कान लावला. आतून श्वास यावा तसं काहीतरी— आणि मग नाही. काही नाही. भिंत गार झाली. हाताखाली गार.

मी रडले खूप. चूल विझल्यावर घर जसं गप्प होतं, तसं गप्प आहे.

आता संध्याकाळ व्हायची वाट बघते. मग रेनान्ते.

लाइट आली. पलीकडे सगळे ओरडले आनंदानं. यंत्र लागलं—

छतात तडतडतंय. जुन्या जळक्या तारा. त्या बदलून घ्यायच्या राहिल्या. मी नुसती काजळी पुसत बसले.

दिव्याच्या भोकातून धूर—

पुढच्या खोलीतही. दार हलत नाही. रेनान्तेनं काल फळी चांगली बसवून दिली. रस्त्यावर कोणी नाही, दुपारचं कोण असणार. गजांतून ओरडले. किल्ली दिसते आहे. काठी पुरत नाही.

ओट्याशेजारच्या भिंतीपाशी आले; झरोका धुरात बुडाला आहे, बाजूच्या फळ्याही हलत नाहीत. माणसं इथेच आहेत, भिंतीपलीकडे, दोन हातांवर. बत्त्यानं ठोकते आहे. नाव घेऊन ओरडते आहे. तासिंग. नानाय. मी आहे. मी रोवेना आहे—

गाणं थांबलं. एक क्षण. सगळ्यांनी ऐकलं.

मग कोणीतरी कळ फिरवली. आता सगळे मिळून गाताहेत. इतक्या मोठ्यानं ते कधी—

ऐकू जात नाही. ऐकू घेणार नाहीत. मी पण नव्हतं घेतलं.

धूर वरून खाली येतो. खाली बसले आहे. हवा खाली असते. ठोकते आणि लिहिते. हात कमरेच्या वर जात नाही

टाळ्या वाजवल्या त्यांनी

वही फरशीलगत ठेवते, ओल्या फडक्यात. कोणी वाचलं तर एवढं रेनान्तेला सांगा. मी शहरात गेले नव्हते. नशीब नव्हतं ते. मी शेजारच्या अंगणात होते, माइक हातात होता, आणि तुझी थाप, रेनान्ते, पहिल्यापासून शेवटपर्यंत मला ऐकू